चिठ्ठी आत पोचवायची कशी? व्हायरस न वापरता जनावरांच्या स्टेम सेलमध्ये जनुक घालायचा उद्योग

मृगाच्या पेरणीची गडबड सुरू होती आणि शेजारच्या गावातल्या एका मामांचा गोऱ्हा पाईपलाईनसाठी उकरून ठेवलेल्या चारीत पाय जाऊन पडला. देवणी जातीचा, त्यातला वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळं, दोन दाती, अजून औताला धरलेला नव्हता. पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी मोडली होती पण कातडी फाटली नव्हती, हे नशीब. टेंपोत घालून नेला, एक्स-रे काढला, भूल देऊन हाड बसवलं, फायबरचं प्लास्टर चढवलं. मी हात धुवायलो होतो तेवढ्यात मामांच्या पोरानं मोबाईल पुढं केला. त्यात एका परदेशी डुकराचं मोडलेलं हाड, आणि जनुक घातल्यावर ते भरून आल्याचं चित्र. मामा म्हणले, "सायब, डुकराचं हाड असं जुळवायलेत, अन् आमच्या वानेऱ्याला निस्तं प्लास्टर? डुकराच्या बी खाली गेलो का आम्ही?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, कारण उभ्या उभ्या चार वाक्यात सांगण्यासारखं ते नाहीच. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही म्हणून आता बसून जरा इस्कटून लिहायलोय. तो व्हिडिओ खोटा नव्हता. डुक्कर खरं, हाड खरं, जनुक बी खरं, फक्त मधलं सगळं गाळलेलं होतं.

आधी स्टेम सेल काय ते बघू. पुस्तकात मूळ पेशी म्हणतात पण बोलताना सगळे स्टेम सेलच म्हणतात. शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम लागलेलं असतं, कातडीची पेशी कातडीचं करते, लिव्हरची लिव्हरचं, आणि ती आता दुसरं काही होणार नसते. स्टेम सेल म्हणजे औताला न धरलेला गोऱ्हा. त्याला वखराला लावा, गाडीला लावा, अजून काही ठरलेलं नाही, पण एकदा लागला की लागला. हाडाच्या आतल्या मगजात आणि कातडीखालच्या चरबीत अशा पेशी मोठ्या जनावरात बी थोड्याफार असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी असं काहीबाही होऊ शकतं. १९७० च्या आसपास फ्रीडेनश्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मगज काढून भांड्यात ठेवला तर बाकीच्या रक्ताच्या पेशी तरंगत राहतात आणि या मात्र तळाला चिकटून बसतात. आजही लॅबमध्ये पहिली निवड अशीच होते, तरंगतंय ते टाकून द्यायचं, चिकटलंय ते ठेवायचं. इतकी साधी युक्ती आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वास बसत नाही.

घोड्यांच्या बाबतीत हे लवकर सुरू झालं कारण शर्यतीच्या घोड्याची किंमत तुम्हाला माहीतच आहे. पायाची नस, म्हणजे आपण ज्याला टेंडन म्हणतो ती, फाटली की घोडा शर्यतीतून बाद. २००३ ला इंग्लंडातल्या डॉक्टरांनी घोड्याच्याच मगजातून पेशी काढून, वाढवून, त्याच घोड्याच्या टेंडनमध्ये परत सोडल्याचं लिहिलं. पुढं युरोपात २०१९ ला लंगड्या घोड्यांसाठी तयार स्टेम सेलची औषधं मंजूर झाली, आर्टी-सेल फोर्ट आणि हॉरस्टेम. या दोन्हीत जनुक बिनुक काही घातलेलं नाही, निव्वळ पेशी आहेत, हे लक्षात असू द्या कारण पुढं याची गरज लागणार आहे.

आता जाहिरातीत सांगत नाहीत ती गोष्ट. आपल्याला वाटतं स्टेम सेल सोडली की ती जाऊन तिथं हाड होते, टेंडन होते, भोक बुजवते. तसं फार कमी होतं. सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत, आठवड्यांत मरून जातात किंवा शरीर त्यांना साफ करतं. मग गुण कसा येतो? तर जिवंत असेपर्यंत त्या आजूबाजूला रसायनं सोडत असतात, सूज उतरव, रक्तवाहिन्या वाढव, असे निरोप, आणि प्रत्यक्ष काम जनावराच्या स्वतःच्या पेशी करतात. या पेशींना ज्यांनी १९९१ ला मेझेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिलं त्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ ला लिहिलं की बाबांनो हे नाव बदला, या स्टेम सेल नाहीत तर औषधी निरोप देणाऱ्या पेशी आहेत. स्वतः ठेवलेलं नाव चुकलं म्हणून जाहीर सांगणं सोपं नाही, मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. आणि इकडं शहरात कुत्र्याला स्टेम सेल दिली की नवे सांधे उगवतात असं सांगून पैसे घेणारे बघितले की राग येतो, असो.

पण यातूनच पुढचा विचार निघाला. पेशीचं खरं काम निरोप सोडणं असेल, तर आपल्याला हवा तो निरोप तिला जास्त सोडायला का लावू नये? हाड जुळायला लागणारे निरोप आता माहीत आहेत. १९६५ ला मार्शल युरिस्ट या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरनं दाखवलं की हाडातलं चुन्यासारखं सगळं काढून टाकून उरलेला सांगाडा स्नायूत ठेवला तर तिथं नवं हाड उगवतं, स्नायूत, जिथं हाडाचं काही काम नाही तिथं. त्यातल्या प्रथिनांना पुढं बीएमपी नाव पडलं. मग ते प्रथिनच बाटलीतून का देत नाही, तर देतात, माणसांच्या मणक्याच्या ऑपरेशनमध्ये २००२ पासून वापरतात, पण ते प्रथिन लवकर वाहून जातं म्हणून एकदम मोठा डोस भरावा लागतो, महाग पडतो, आणि मानेच्या ऑपरेशनमध्ये त्यानं जीवघेणी सूज आल्याचं निघालं. एकदाच टँकरनं पाणी ओतण्यापेक्षा ठिबक बरं, तसं पेशीलाच आतून थोडं थोडं प्रथिन बनवायला लावलं तर?

त्यासाठी पेशीला चिठ्ठी द्यावी लागते. ती चिठ्ठी म्हणजे जनुक. प्रथिन कसं बनवायचं ते डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेलं असतं. गाईच्या एका पेशीत असा जवळपास २७० कोटी अक्षरांचा ग्रंथ असतो, आणि आपल्याला त्यात फक्त एक पाच-सात हजार अक्षरांची चिठ्ठी जास्तीची द्यायची आहे. चिठ्ठी लिहिणं आता अवघड राहिलं नाही. अवघड आहे ते पोचवणं. या सगळ्या विषयाचं घोडं तिथंच अडलेलं आहे.

पोचवण्यात व्हायरसचा हात कोणी धरत नाही, त्याचा धंदाच तो आहे, पेशीचं दार ओळखायचं, आत शिरायचं, स्वतःची चिठ्ठी तिच्या हातात द्यायची आणि कामाला लावायचं. २०२२ ला लम्पीनं आपल्या दावणीला काय केलं ते बघितलंय ना, तोच गुण. शास्त्रज्ञांनी काय केलं, व्हायरसची वाईट जनुकं काढून त्याजागी चांगली चिठ्ठी भरली आणि त्याला पोस्टमन बनवलं. बऱ्याच ठिकाणी ते फार चांगलं चालतं, माणसांची काही मंजूर औषधं त्यावरच उभी आहेत. पण दोन घटनांनी सगळे हादरले. १९९९ ला फिलाडेल्फियात जनुक उपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांचा एक पोरगा व्हायरसला आलेल्या शरीराच्या भडक्यानं गेला. आणि पॅरिसला प्रतिकारशक्तीच नसलेल्या लहान लेकरांच्या मगजातल्या स्टेम सेलमध्ये व्हायरसनं जनुक घातलं, लेकरं बरी झाली, आनंद झाला, आणि काही वर्षांत त्यातल्या काहींना ब्लड कॅन्सर निघाला. का, तर व्हायरसनं चिठ्ठी नेऊन ग्रंथाच्या भलत्याच पानावर कायमची चिकटवली होती, पेशी वाढवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. स्टेम सेल वाढत राहणारी पेशी, तिच्यात चूक झाली की ती चूक पण वाढत राहते. म्हणून स्टेम सेलच्या बाबतीत ही भीती जास्त.

जनावरांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. व्हायरस बनवायची लॅब महागडी, कडक बंदोबस्ताची. एकदा व्हायरस दिला की शरीर त्याला ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा दिला तर दारातच मारतं. काही व्हायरसच्या पिशवीत पाच हजार अक्षरं पण बसत नाहीत. आणि गाय-म्हैस-शेळी ही दुधा-मटणाची जनावरं, त्यांच्या अंगात मुद्दाम व्हायरस सोडला म्हटल्यावर लोक काय म्हणतील ते सांगायची गरज नाही. म्हणून व्हायरसशिवाय पोचवायची वाट शोधणं चाललंय.

ती चिठ्ठी बहुतेक वेळा प्लास्मिडच्या रूपात असते. प्लास्मिड म्हणजे डीएनएची छोटी गोल रिंग, मूळची बॅक्टेरियांची वस्तू. आपल्याला हवं ते जनुक त्या रिंगमध्ये बसवायचं, रिंग बॅक्टेरियात सोडायची, बॅक्टेरिया टाकीत वाढवायचे की दही विरजल्यासारख्या लाखो-करोडो कॉपी तयार, मग बॅक्टेरिया फोडून रिंगा तेवढ्या शुद्ध करून घ्यायच्या. आपल्याला हे नवं वाटतं पण कोरोनात अहमदाबादच्या झायडसची जी झायकोव्ह-डी लस २०२१ ला आली, सुईशिवाय देतात ती, ती नुसती प्लास्मिडच होती, माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस.

आता हे प्लास्मिड पेशीवर नुसतं ओतलं तर काय होतं? काहीच नाही. डीएनएवर ऋण भार असतो आणि पेशीच्या भिंतीवर पण ऋणच, चुंबकाची सारखी टोकं जशी एकमेकांना ढकलतात तसं होतं. शिवाय पेशीबाहेर डीएनए कापणारी रसायनं टपून बसलेली असतातच. म्हणून एक तर भिंतीला भोक पाडायचं, नाहीतर चिठ्ठीला असं पाकीट घालायचं की पेशी स्वतःच गिळेल. या दोनच वाटा, बाकी सगळे त्यांचे पोटप्रकार.

भोक पाडायची जुनी रीत म्हणजे करंट. रानडुकरांसाठी आपण शेताला झटका मशीन लावतो ना, क्षणभर झटका बसतो, जनावर मरत नाही पण दचकतं, तसाच झटका पेशींना द्यायचा. काहीशे व्होल्ट, पण सेकंदाच्या हजाराव्या-शंभराव्या हिश्श्यापुरते. तेवढ्यात भिंतीला बारीक छिद्रं पडतात, प्लास्मिड आत घुसतं आणि छिद्रं परत बुजतात. १९८२ पासून हे चालू आहे. मी पीजीला असताना शेळीच्या चरबीतल्या पेशींवर हे केलंय. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी असते, दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये चार मिलिमीटरची जागा, त्यात पेशी आणि प्लास्मिडचं पाणी भरायचं, मशीनमध्ये ठेवायचं, बटण दाबायचं. एकदा माझ्याकडून पेशी नीट धुतल्या गेल्या नव्हत्या, पाण्यात मीठ जास्त राहिलं होतं, बटण दाबल्याबरोबर डबीत टप्प करून ठिणगी उडाली. झाकण उघडलं तर आत शेंबडासारखं लोंबणारं पांढरट. ते म्हणजे फुटलेल्या पेशींचा डीएनए. तीन आठवडे रोज जाऊन वाढवलेल्या पेशी, एका टप्पमध्ये गेल्या. सगळं बरोबर केलं तरी पेशींचा मोठा हिस्सा मरतोच. जितका झटका मोठा तितकं जास्त प्लास्मिड आत आणि तितक्याच जास्त पेशी खलास, त्यामुळं मधला आकडा शोधण्यातच महिने जातात, आणि शेळीचा आकडा म्हशीला चालत नाही.

पाकिटाची रीत मला जास्त आवडते. १९८७ ला अमेरिकेत फेल्गनर यांनी दाखवलं की धन भार असलेल्या स्निग्ध पदार्थात डीएनए मिसळला तर तो डीएनएला गुंडाळून घेतो आणि पेशी ते थेंब गिळते. कोरोनाच्या एमआरएनए, म्हणजे जनुकाची तात्पुरती नक्कल, तिच्या लसी याच घराण्यातल्या, फक्त पाकीट फार सुधारलेलं. पुण्यात बनलेली जेमकोव्हॅक, जिला २०२२ ला मंजुरी मिळाली, ती पण एमआरएनएचीच. स्निग्धाऐवजी पॉलिमर पण वापरतात, पीईआय नावाचा १९९५ पासून प्रसिद्ध आहे, काम चोख करतो पण पेशींना विषारी, आणि झिंग्याच्या कवचापासून बनवतात तो कायटोसान विषारी नाही पण कामाला ढिला. जगात दोन्ही गुण एकत्र कुठं मिळतात.

बरं, पेशीनं पाकीट गिळलं म्हणजे झालं का? नाही, इथंच खरी मारामारी आहे. पेशी जे गिळते ते एका पिशवीत जातं आणि ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते, आतलं सगळं पचवायला. चिठ्ठी त्या पिशवीत अडकली की पचून गेली. दुधाच्या जनावराला बायपास फॅट देणाऱ्यांना हे एका मिनिटात कळेल. साधं तेल दिलं तर ते मोठ्या पोटातच गोंधळ घालतं, म्हणून असं रूप दिलेलं फॅट द्यायचं की मोठ्या पोटातून जसंच्या तसं पुढं सरकेल आणि आंबट पोटात गेल्यावर सुटेल. चांगल्या पाकिटाची पण तीच युक्ती, आंबटपणा वाढला की त्याचा भार बदलतो, ते पिशवीच्या भिंतीला भिडतं आणि भिंत फाडून चिठ्ठी बाहेर टाकतं. पण किती चिठ्ठ्या सुटतात? २०१३ ला अशाच स्निग्ध कणांवर मोजणी झाली तेव्हा आत गेलेल्या मालातला शंभरातला एक-दोनच हिस्सा पिशवीतून बाहेर पडलेला दिसला. बाकी सगळं पेशीच्या पोटात जिरलं.

आणि प्लास्मिड असेल तर अजून एक दार बाकी राहतं. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, मूळ ग्रंथ तिथं ठेवलेला, आणि प्लास्मिड वाचलं जायचं तर तिथं पोचावं लागतं. केंद्रकाची भिंत फक्त पेशी दोन व्हायला लागली की विरघळते, तेवढ्या वेळात घुसता आलं तर आलं. मगजातल्या स्टेम सेल हळू वाढणाऱ्या, त्यामुळं त्यांच्यात प्लास्मिड घालणं हे कामच किचकट. एमआरएनए हा त्यावरचा उपाय, कारण तो केंद्रकाबाहेरच वाचला जातो, त्याला ग्रंथाच्या खोलीत जायची गरजच नाही आणि ग्रंथाला हात लागायची भीतीपण जवळजवळ नाही. पण तो दोन-चार दिवसांत संपतो. प्लास्मिड त्यापेक्षा टिकतं, आठवडाभर, पंधरा दिवस, कुठं त्याहून थोडं जास्त.

आता परत त्या डुकराकडं. तो प्रयोग २०१७ ला लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलच्या टीमनं प्रसिद्ध केला. छोट्या जातीच्या डुकरांच्या मागच्या पायाच्या नळीतून त्यांनी एक सेंटिमीटर हाड कापून काढलं. मुद्दाम एवढं, कारण एवढी पोकळी आपणहून भरत नाही. मग त्या पोकळीत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा स्पंज ठेवला आणि दोन आठवडे नुसतं थांबले. मला या प्रयोगातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. ना मगज काढला, ना लॅबमध्ये पेशी वाढवल्या, ना कोट्यवधी पेशी मोजून परत सोडल्या. जनावराच्या स्वतःच्याच स्टेम सेल चालत येऊन त्या स्पंजमध्ये राहायला लागल्या, म्हणजे माळावर हौद भरून ठेवावा आणि जनावरं आपणहून पाण्याला यावीत तसं. मग तिथं बीएमपी-६ या प्रथिनाची चिठ्ठी असलेलं प्लास्मिड आणि सोबत सूक्ष्म बुडबुडे इंजेक्शननं सोडले, आणि वरून कातडीवर सोनोग्राफीचा प्रोब धरला. हे बुडबुडे माणसांच्या हृदयाच्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट दिसावं म्हणून आधीपासून वापरतातच. आवाजाच्या लाटेनं ते थरथरतात, शेजारच्या पेशीच्या भिंतीला क्षणभर छिद्र पाडतात आणि प्लास्मिड आत. सहा आठवड्यांत पोकळी भरून हाड जुळलं. गाय गाभण आहे का बघायला आपण जे मशीन गोठ्यात नेतो त्याच जातकुळीच्या मशीननं हे झालंय, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या होत्या.

आणि आता माझा मुद्दा. व्हायरसशिवायच्या रीतींवर सगळे एकच ठपका ठेवतात, की टिकत नाही, थोडेच दिवस चालतं. पण मोडलेल्या हाडाला टिकायला हवंय कुणाला? मामांच्या गोऱ्ह्याला मी प्लास्टर घातलं ते जन्मभरासाठी नाही, सहा आठवड्यांनी कापायचंच आहे, ठेवलं तर पाय वाळून जाईल. तसंच हाड वाढव हा निरोप कायम चालू राहिला तर भलतीकडं हाड वाढेल, रक्तवाहिन्या वाढव हा निरोप कायम राहिला तर गाठीला खतपाणी. जन्मजात रोगाला कायमची चिठ्ठी लागते हे कबूल. पण फाटलेलं टेंडन, मोडलेलं हाड, न भरणारी जखम, सुजलेला सांधा, म्हणजे आमच्या दवाखान्यात रोज दिसतं ते सगळं, यांना चिठ्ठी वाचून झाली की फाडून टाकणारीच रीत पाहिजे. ज्याला लोक खोट म्हणतात तोच इथं गुण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कायमचंच पाहिजे असेल तर व्हायरसशिवाय त्याचीही सोय आहे. उड्या मारणारी जनुकं असतात, ग्रंथातून स्वतःला कापून दुसऱ्या पानावर चिकटवणारी. १९९७ ला सालमन कुळातल्या माशांच्या डीएनएत लाखो वर्षांपूर्वी मेलेलं असं एक जनुक शास्त्रज्ञांनी अक्षर अक्षर दुरुस्त करून जिवंत केलं आणि त्याला स्लीपिंग ब्यूटी नाव दिलं, झोपलेली राजकन्या. दुसरं पिगीबॅक, ते सापडलं कोबीवरच्या उंटअळीत. सोयाबीनवरच्या उंटअळीला रोज शिव्या घालणाऱ्या आपल्या लोकांना ही गंमत सांगितली की हसतात. पण ती चिकटणार कुठल्या पानावर हे आपल्या हातात पूर्ण नसतं, म्हणजे पॅरिसची भीती थोडी कमी होते, जात नाही.

हे सगळं सांगताना हमखास येणारा प्रश्न, "हे बीटी कापसासारखंच हाय ना?" नाही. बीटीत जनुक बियाण्यात घातलेलं असतं, झाडाच्या प्रत्येक पेशीत ते असतं आणि पुढच्या बियात उतरतं. २००२ ला बीटी आलं, पुढं बोंडअळीनं काय केलं ते आपल्या सगळ्यांच्या खिशाला माहीत आहे. जनावरात बीटीसारखं काम पण झालंय. कासदाह, आपली दगडी, तिच्या एका मोठ्या जंतूला मारणारं प्रथिन दुधातच सोडणाऱ्या जर्सी गायी अमेरिकेत बनवल्या, २००५ ला त्याचा निकाल आला, त्या क्लोन करून बनवल्या म्हणून जनुक त्यांच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत होतं. पण हाडाच्या पोकळीत सोडलेलं प्लास्मिड त्या जागेतल्या थोड्या पेशींत जातं, काही दिवस वाचलं जातं आणि संपतं. ते वासरात उतरायचं तर वीर्यात किंवा बीजांडात पोचावं लागेल, आणि तिथं जायला त्याला वाटच दिलेली नसते. तरी दुधा-मटणाच्या जनावरात ते कुठं कुठं जातं आणि किती दिवस राहतं याची तपासणी व्हायलाच पाहिजे, बीटीला बघणारी जीईएसी समिती असतेच. त्यात शॉर्टकट नको.

बाजारात काय आलंय म्हणाल तर प्लास्मिडची औषधं जनावरांत माणसांच्या आधी आली. २००५ ला अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइल तापाची डीएनए लस आणि कॅनडात सालमन माशांसाठी एक. कुत्र्यांच्या तोंडातल्या काळ्या कॅन्सरवर ऑन्सेप्ट, तिला २०१० ला पूर्ण परवाना मिळाला. २००८ ला ऑस्ट्रेलियात डुकरिणींसाठी वाढीच्या हार्मोनला चालना देणारं प्लास्मिड, स्नायूत टोचून वरून करंट द्यायचे, तेच झटका तंत्र, इथं जिवंत जनावरावर. रशियात कझानच्या लोकांनी टेंडन दुखावलेल्या घोड्यांना रक्तवाहिन्या वाढवणारं प्लास्मिड थेट टोचून बघितलं. म्हणजे नुसती स्टेम सेल मंजूर आहे, नुसतं प्लास्मिड मंजूर आहे, दोन्हीचं लग्न अजून लॅबच्या मांडवातच आहे.

आपल्या देशात पेशींचं काम करणारे हात नाहीत असं पण नाही. कर्नालच्या एनडीआरआयनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं, २०१० ला गरिमा-२ ही म्हशीची रेडी क्लोन करून जन्माला घातली ती भ्रूणाच्या स्टेम सेलपासून. आणि पेशी साठवायला जे लागतं ते तर आपल्या तालुक्यातालुक्यात आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या डब्यात असतात, उणे १९६ डिग्रीला, तसल्याच डब्यात स्टेम सेल वर्षानुवर्षं राहतात. मोटारसायकलला तो डबा बांधून वाडी-तांड्यावर जाणारी माणसं आपल्याकडं मोप आहेत. अडतंय ते पैशाला. शर्यतीच्या घोड्यावर खर्च वसूल होतो, औताच्या बैलावर कसा होणार? देवणीचा किंवा लाल कंधारीचा चांगला वळू असेल, ज्याच्या कांड्या हजारो गायींना जाणार आहेत, तर त्याचा पाय वाचवायला हिशोब कदाचित बसेल. साध्या जोडीतल्या बैलाला आज तरी नाही, आणि तसं मामांना खोटं सांगण्यात काय अर्थ आहे.

सहा आठवडे झाल्यावर प्लास्टर कापायला गेलो. शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली गोऱ्हा बांधलेला, पाय बारीक पडलेला, केस चिकटून पिवळे झालेले, वास विचारूच नका. एक्स-रेत हाड जुळलं होतं, जुळलेल्या जागी गाठ आली होती, ती येतेच. मामांना म्हणलं, त्या डुकराचं एक सेंटिमीटर हाड गायब होतं म्हणून एवढं सगळं करावं लागलं, आपल्या वानेऱ्याची दोन्ही टोकं एकमेकाला टेकलेली होती, त्याच्याच पेशींनी त्याच्याच मगजातल्या चिठ्ठ्या वाचून काम केलं. मामा गाठीवरून हात फिरवत म्हणले, "मंग त्या चिठ्ठीचे पैसे वाचले म्हणा की." पोळ्याला त्याला मिरवणुकीत आणला होता, झूल घालून, शिंगं रंगवून, थोडा लंगडत.